घरात माणूस असून

१

सकाळचं दूध टँकरमध्ये गेलं, कॅन धुऊन पालथे झाले, फॅटचं मशीन पुसून त्यावर फडकं टाकलं, की डेअरीत वृषालीला बराच वेळ कुणी विचारत नसे. निमगाव साव्यात त्या वेळी माणसं एकतर रानात असतात, नाहीतर जेवून आडवी झालेली. मग ती खुर्ची दारात ओढायची, पाय स्टुलावर टाकायची आणि मोबाईलवर 'मागची पडवी' उघडायची.

'मागची पडवी' ही चित्रकथा होती. दर गुरुवारी एक भाग यायचा. चित्रं काळीकरडी, बघूनच जीव दडपावा अशी. ती कोण काढतं हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. गोष्ट म्हणाल तर एवढीशी. दिगंबर नावाचा एक माणूस घराच्या मधल्या खोलीत लाकडी खुर्चीवर बसलेला असतो. समोर मागचं दार, कडी लावलेलं. भर दुपारी दाराबाहेरून कुणीतरी हाक मारतं. पहिल्या भागात त्याचा भाऊ बघायला गेला, तो परतच आला नाही. मग भावजय गेली. मग आई. घर रिकामं होत चाललं आणि हा पठ्ठ्या जागचा हलत नव्हता. हाक आली की दाराकडे बघायचा, बस्स. हूं नाही की चूं नाही.

वृषालीच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. दर गुरुवारी ती ठरवायची की आता हे वाचणं बंद. पुढच्या गुरुवारी सगळ्यात आधी तीच वाचायची आणि वाचून झालं की खाली कमेंटमध्ये सगळी भडास काढायची.

"घरात माणूस असून दार वाजत राहतं, आणि हा बसलाय जावयासारखा! आई गेली तरी ढिम्म. असल्याच्या हातात बांगड्या भरा आणि गोष्ट संपवा एकदाची."

तिच्या या कमेंटला इतके अंगठे आले, इतकी हसरी तोंडं आली, की दोन्ही वेळच्या दुधाच्या माणसांनी मिळून तिला जेवढी दाद दिली नसेल तेवढी त्या एका दुपारी मिळाली. सगळ्यांना दिगंबरचा राग होता. फक्त तो असा नेमका शब्दांत धरायला वृषाली लागली.

२

आता खरं सांगायचं तर हा राग सगळा दिगंबरचा नव्हता. थोडा उसना होता.

वृषालीचा नवरा सुदर्शन हा गावात नावाजलेला भला माणूस. पहाटे पिकअपमध्ये भाजी भरून नारायणगावच्या मार्केटला जायचा, उन्हं तापायच्या आत परत यायचा, जेवायचा आणि मधल्या खोलीत खुर्चीवर बसायचा. बसला की बसला. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. सासूबाई थोरल्या दिरांकडे पुण्याला असायच्या, मूलबाळ अजून नव्हतं, म्हणजे त्या बसण्यात व्यत्यय आणायलाही कुणी नव्हतं.

आणि इकडं चुलतभाऊ गोरख दर नांगरटीला बांध कोरत होता. आज वीतभर, उद्या हातभर. बांधावरचं बोराचं झाड एक दिवस गोरखच्या रानात गेलं, तेव्हा वृषालीनं नवऱ्यापुढं ताट आदळलं.

"अहो, झाड चालत गेलं का तिकडं?"

"बघू," सुदर्शन म्हणाला.

"कधी बघू? समदं रान गेल्यावर? तुमच्या ह्या बसण्यापायी एक दिवस लोक घराच्या भिंती कोरून न्हेतील, तरी तुमी खुर्चीवरच असाल."

सुदर्शन हसला. त्याला राग येत नसे, हीच तर खरी आग होती. त्याला जरा लाज वाटावी म्हणून तिनं दिगंबरची सगळी गोष्ट त्याला ऐकवली. त्यानं शांतपणे ऐकून घेतली, भाताचा शेवटचा घास घेतला.

"बसलाय तर काईतरी असंल त्येचं," तो म्हणाला. "उगाच कोण बसतंय?"

वृषालीनं कपाळावर हात मारला. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक, असं म्हणून ती भांडी घासायला मागच्या दारी गेली.

३

पुढच्या गुरुवारी दाराबाहेरची ती हाक पहिल्यांदा शब्दांत आली. इतके दिवस चित्रात नुसता रिकामा फुगा असायचा. आता त्यात लिहिलेलं होतं: "घरात माणूस असून दार वाजत राहतं."

वृषाली खुर्चीतच उडाली. तिचंच वाक्य, जसंच्या तसं.

संध्याकाळी शेजारच्या ठमाबाई दूध घालायला आल्या तेव्हा तिनं त्यांना मोबाईल दाखवला. ठमाबाई म्हणजे गावातली तोफ. त्यांना वाचता कमी यायचं, पण मत द्यायला अक्षरओळख लागत नाही.

"म्हंजी तुजंच बोलणं तुला चिकटीवलं की," त्या म्हणाल्या. "आन पैसं?"

"पैसं कशाचं, मावशी? मान हाय हा. माझं वाचलं त्यांनी."

"मान कसला? बोलली तू, आन हाक मारतोय कोण? ते दाराबाहेरचं." ठमाबाईंनी किटली उचलली. "माझं बोलणं कुणी असं उचललं असतं ना, तर त्याची जीभ उपटली असती."

वृषाली हसली. तिला त्या दिवशी फार बरं वाटत होतं. तिनं पुन्हा कमेंट लिहिली, आधीच्यापेक्षा जास्त झणझणीत.

४

त्यानंतरचा भाग उघडला तेव्हा मात्र तिचं हसू मावळलं.

दिगंबर खुर्चीवर. दार बंद. बाहेरून आलेल्या फुग्यात लिहिलं होतं: "तुमच्या ह्या बसण्यापायी एक दिवस लोक घराच्या भिंती कोरून न्हेतील."

हे तिनं कुठंच लिहिलं नव्हतं. हे ती घरात बोलली होती, बांधाच्या भांडणात, ताट आदळून. दिगंबरच्या घरात बांध नव्हता, गोरख नव्हता. त्याच्या दाराशी या वाक्याचं काय काम?

तिनं आपल्या जुन्या कमेंट एकेक करून तपासल्या. वाक्य कुठंच नव्हतं. मग तिनं स्वतःची समजूत घातली. मोबाईल सगळं ऐकतो, हे आता शेंबडं पोरसुद्धा सांगतं. परवा ती मिक्सर घ्यायचं नुसतं बोलली, तर आठवडाभर मिक्सरच दिसत होते. तसंच हे. म्हणजे हा चित्रं काढणारा चोरून लोकांच्या घरातली भांडणं ऐकतो आणि गोष्टीत घालतो. भीतीपेक्षा राग बरा, म्हणून तिनं रागाचीच कास धरली. "लाज वाटते का चोरी करायला?" असं तिनं खाली ठणकावून लिहिलं. उत्तर आलं नाही. त्या चित्रकथेवर कुणालाच कधी उत्तर आलेलं नव्हतं.

चित्र मोठं करून बघताना तिला आणखी एक गोष्ट दिसली. दिगंबर नुसता बसलेला नव्हता. त्यानं खुर्चीचे दोन्ही हात गच्च धरले होते. नखं लाकडात रुतलेली होती, आणि लाकडावर जुने ओरखडे होते, एकावर एक. तिनं मागचे भाग काढून बघितले. पहिल्या भागापासून त्याचे हात तसेच होते. तिच्या ते लक्षातच आलं नव्हतं, कारण ती कायम त्याच्या तोंडाकडे बघून चिडत आली होती.

"नाटकं मेल्याची," ती मोठ्यानं म्हणाली. पण त्या दिवशी तिनं मोबाईल पर्समध्ये न ठेवता डेअरीच्या ड्रॉवरमध्ये ठेवला आणि ड्रॉवर बंद केला.

५

ती घरी आली तेव्हा सुदर्शन खुर्चीवर होता. तिच्याकडे बघून म्हणाला, "मगाशी मागच्या दारानं हाका कशाला मारत व्हतीस?"

"मी? कधी?"

"आत्ताच की. अहो, अहो करून. लई चिडली व्हतीस. म्या म्हणलं, यील पुढनं."

आता इथं कुणीही शहाणं बाईमाणूस दचकलं असतं. वृषाली दचकली नाही. म्हणजे दचकायला तिला वेळच मिळाला नाही, कारण त्याच्या बोलण्यातला दुसरा अर्थ तिला आधी लागला आणि तिचं डोकं भणाणलं.

"म्हंजी बायको मागच्या दाराला हाका मारतीय, आन तुमी बसून?"

"अगं, पण..."

"पण काय? उसात बिबट्या हाय. परवा ठमामावशीची शेळी न्हेली दिवसाढवळ्या. मला धरलं असतं त्यानं, तरी तुमी असंच म्हणला असता, यील पुढनं?"

ती बोलत गेली. बांध निघाला, बोराचं झाड निघालं, लग्नात तिच्या मामानं काय म्हटलं होतं तेही निघालं. बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. सुदर्शन पहिल्यांदाच हसला नाही. तो उठून तिच्याजवळ आला आणि खाली बघत म्हणाला, "चुकलं माझं. पुढच्या टायमाला तू हाक मारलीस की उठंन. शप्पत."

इतक्या वर्षांत त्यानं तिला असं काही म्हटलं नव्हतं.

रात्री अंथरुणावर पडल्यावर तिला आठवलं की आपण मागच्या दाराला गेलोच नव्हतो. आपण डेअरीत होतो. मग ठमाबाई असतील. त्या कुणाच्याही दाराला जाऊन ओरडतात. पण ठमाबाई सुदर्शनला 'अहो' कशाला म्हणतील? टीव्ही असेल कुणाचा तरी. ती नवऱ्याकडे वळली. त्याला उठवून सांगावं का, की हाक आली तरी उठू नका म्हणून? तिनं मनातल्या मनात ते वाक्य बोलून पाहिलं आणि तिलाच हसू आलं. ज्यासाठी इतकी वर्षं घसा कोरडा केला ते आज कुठं पदरात पडलं, आणि आता म्हणायचं, नको, बसूनच राहा? ती झोपून गेली.

६

त्यानंतर एकदा दुपारी ती डेअरीतून घरी आली, तर पुढच्या दाराला आतून कडी होती. त्यात काही विशेष नव्हतं. शेळी गेल्यापासून लोक दिवसाही कड्या लावत होते. ती दार वाजवणार, तेवढ्यात तिला आवाज ऐकू आला. तो घराच्या पलीकडून येत होता, मागच्या दाराबाहेरून.

"अहो, दार उघडा की! डोक्यावर ऊन हाय."

आवाज तिला लगेच ओळखता आला नाही. स्वतःचा आवाज कुणाला लगेच ओळखू येतो? पण तो 'की' वरचा झटका तिला ओळखता आला. डेअरीच्या ग्रुपवर ती आवाज रेकॉर्ड करून पाठवायची, त्यात तो झटका असायचा.

ती खिडकीकडे धावली. खिडकीला डासांची बारीक जाळी. आतून पुढची खोली, तिच्या पलीकडे मधल्या खोलीचं दार, आणि त्यातून खुर्ची अर्धी दिसत होती. सुदर्शनचा खांदा, त्याचा हात. तो हात खुर्चीवर टेकून तो उठायला लागला होता.

"अहो! उठू नका! मी हिकडं हाय, पुढच्या दाराला!"

लगेच मागून आलं, तितक्याच तावातावानं: "अहो! मी हिकडं हाय, मागच्या दाराला!"

सुदर्शन अर्धवट उभा राहिला. "अगं, नक्की कुठं हाईस?"

"हिकडं! खिडकीत बघा!"

"घरात माणूस असून बायको उन्हात उभी," मागून आवाज आला. "शप्पत घेतली व्हती ना?"

हे ऐकून सुदर्शनच्या खांद्यांनी जी हालचाल केली, ती वृषालीला आयुष्यभर पुरेल. खजील झालेल्या माणसाची हालचाल. त्याला तिळमात्र शंका राहिली नव्हती. असं त्याला बोलणारी जगात एकच बाई होती.

वृषालीचं डोकं भिरभिरलं. जे जे ती बोलेल ते ते तिकडून येणार. त्या बाहेरच्याला बोलता येणार नाही आणि फक्त आपल्यालाच येईल, असं काय आहे? आणि मग तिनं ते केलं, जे तिनं लग्नातल्या उखाण्यानंतर एकदाही केलं नव्हतं. तिनं नवऱ्याला नावानं हाक मारली.

"सुदर्शन! सुदर्शन, बस खाली! उठू नको!"

तो गर्रकन वळला. त्यानं खिडकीकडे बघितलं. जाळीच्या बाहेर लख्ख ऊन होतं, त्यामुळे तिचं तोंड त्याला दिसलं नसणार. दिसली असेल ती एक काळी आकृती, जाळीला चिकटलेली, त्याला अरेतुरे करत नावानं बोलावणारी. तो एक पाऊल मागं सरकला, मग दुसरं. खिडकीपासून लांब, मागच्या दाराकडे.

"अगं," तो कापऱ्या आवाजात म्हणाला, आणि ते तो खिडकीला म्हणत नव्हता. "अगं, पुढं कोण तरी हाय. माझं नाव घेतंय."

"मी हाय ना," मागून मऊ आवाज आला. "तुमी उघडा."

"आलो," सुदर्शन म्हणाला. "आलो, आलो."

इतका तत्पर तो कधीच नव्हता. कडी सरकल्याचा आवाज तिला पुढच्या दारापर्यंत ऐकू आला.

७

ती घराला वळसा घालून धावली. एका बाजूला भिंत, एका बाजूला ऊस, मधून पायवाट. पायात काय रुतलं ते तिनं पाहिलं नाही.

मागचं दार सताड उघडं होतं. नळाखाली बादली, धुण्याचा दगड, दोरीवर सुदर्शनचा शर्ट. अंगणात कुणी नव्हतं. उन्हातून बघताना आत नुसता काळोख दिसत होता.

"अहो," ती हळूच म्हणाली.

"ये की आत," आतून सुदर्शन म्हणाला. "किती वेळ उन्हात उभी ऱ्हातीस?"

तिला रडूच आलं. सुटल्यासारखं वाटलं. त्यानं दार उघडलं, बाहेर कुणी नव्हतं, तो आत वळला, झालं. तिनं उंबऱ्याकडे पाऊल टाकलं. आणि तेव्हा तिला उंबऱ्याच्या आत, उजेड जिथपर्यंत पोचत होता तिथं, दोन पावलं दिसली. बाईची पावलं. बोटांत जोडवी. त्यावर तिच्याच साडीचा काठ, हिरवा, थोडा ओला. त्याच्या वर काळोख होता आणि सुदर्शनचा आवाज त्या काळोखातून, त्या पावलांच्या वरूनच येत होता.

"ये की, अगं."

वृषाली मागं सरली आणि धुण्याच्या दगडावर बसली. पळावंसं वाटत होतं. पण पळाली तर तो आत एकटा राहणार, जर आत असेल तर. आणि आत गेली तर... ती दगडाच्या कडा दोन्ही हातांनी धरून बसली. दुसरं काय करायचं ते तिला सुचेना. कुणाला सुचलं असतं?

"अगं, पाय मुरगळलाय माझा. हात दे."

ती बसून राहिली. गालांवरून पाणी वाहत होतं.

"वृषे, लई दुखतंय गं."

त्या आवाजात खरंच दुखणं होतं. तिनं दगड आणखी घट्ट धरला.

आवाज ऐकून शेजारून ठमाबाई आल्या, कमरेला पदर खोचत. त्यांनी उघडं दार बघितलं, दगडावरची वृषाली बघितली, आणि आतून आलेलं कण्हणं ऐकलं.

"अगं ए! नवरा हाका मारतोय तुजा! ऐकू येत न्हाई का?"

वृषालीनं मान हलवली. ऐकू येत होतं.

"मग ऊठ की! बसलीस काय अशी दगडावानी?"

"मावशी, जाऊ नका. आत जाऊ नका."

"आता गं बाई! नवरा पडलाय आत, आन ही जाऊ नका म्हणती!" ठमाबाईंचा आवाज चढला. "तोंड तर गावभर चालतं. कुणाचा नवरा कसा, कोण कसा बसलाय, समदं तुला कळतं. आन आता?" त्या दाराकडे निघाल्या. वृषालीनं झेप घेऊन त्यांचा पदर धरला आणि दोन्ही मुठींत गच्च आवळला.

"सोड! येडी झालीस का? सोड म्हणते!" ठमाबाईंनी पदराला हिसका दिला. संतापानं त्या लालेलाल झाल्या होत्या. "माझ्या घरी असली सून असती ना, तर..."

"...तर पहिल्याच दिवशी माहेरी धाडली असती," आतून ठमाबाईंचा आवाज म्हणाला.

पदर ओढायचा थांबला. ठमाबाईंचं तोंड उघडंच होतं. पुढचे शब्द तिथं तयार होते, नेमके तेच शब्द.

त्यांनी दाराकडे पाहिलं. मग वृषालीकडे. वृषालीनं थोडं सरकून दगडावर जागा केली. ठमाबाई तिच्या शेजारी बसल्या.